व्हॅनिला नोंदवही : बदनापूर तालुका, पाच गुंठे शेडनेट

12 जुलै 2021

आज लागवड झाली. 124 कटिंग मागवले होते, कर्नाटकातून. त्यातले 14 खोक्यातच कुजून आले, बुडखा काळा आणि बोट लावलं की चिखल. पाठवणाऱ्याला फोटो टाकले, तेव्हापासून त्याचा फोन लागत नाही. राहिले 110.

शेडनेट मिरचीच्या बीजोत्पादनासाठी उभारलं होतं. लागोपाठ दोन प्लॉट व्हायरसने गेले. तिसऱ्यांदा तेच करायला मन धजेना. घरात बोलाचाली झाली. आत्याबाईंचं म्हणणं काकडीचं बी घ्यावं, निदान माहितीचं तरी आहे. मी व्हॅनिलावर अडून बसले त्याला एकच कारण. या पिकात प्रत्येक फूल हाताने फळवावं लागतं, आणि आमच्या भागातल्या बायकांचं उभं आयुष्य क्रॉसिंगमध्ये गेलंय. जालना जिल्ह्यात कापूस, मिरची, टोमॅटो, काकडी यांचं संकरित बी या बायकांच्या बोटांवर तयार होतं. ज्या पिकाचं अडतं तिथेच आमचं कसब आहे.

लावायची रीत उसासारखी नाही. कटिंग मीटरभर लांब घ्यायचं. खालची तीन-चार पानं काढायची, तेवढा भाग जमिनीवर आडवा ठेवायचा आणि वर पालापाचोळा टाकायचा. मातीत पुरायचं नाही. कापलेलं टोक तर मातीला लागूच द्यायचं नाही, तिथूनच कूज शिरते. वरचा भाग गिरिपुष्पाच्या खुंटाला सुतळीने सैल बांधला. हे ऑर्किड आहे. मुळं वरवर पसरतात आणि पेरापेरातून निघून खुंटाला धरतात.

5 ऑगस्ट 2021

97 वेलींना नवं मूळ दिसलं. पांढरं, जाड, टोकाला हिरवट.

21 एप्रिल 2022

दुपारी बाहेर 42 अंश, शेडनेटमध्ये 38, आणि हवेतला ओलावा 19 टक्के. या वेलीला 21 ते 32 अंश आणि 80 टक्क्यांच्या आसपास ओलावा मानवतो. ती मूळची मेक्सिकोच्या दमट रानातली. मराठवाड्याचा एप्रिल तिला सोसायला लावणं हे जबरदस्तीचंच काम आहे, हे मला रोज दुपारी कळतं.

आधी फॉगर, म्हणजे धुक्यासारखं पाणी उडवणारे फवारे, बोअरच्या पाण्यावर चालवले. आठ दिवसांत पानांवर पांढरे चट्टे पडले. क्षार. ते पाणी पिकाला चालतं, पानावर चालत नाही. आता फॉगरला फक्त शेततळ्यातलं, पावसाचं साठवलेलं पाणी. दिवसा थ्री-फेज नसते तेव्हा सोलर पंपावर दहा-दहा मिनिटं फवारा. दक्षिण आणि पश्चिम बाजूला गोणपाटाचे पडदे सोडलेत. आत्याबाई दिवसातून चार वेळा त्यांच्यावर पाणी मारतात. काकडी हवी होती त्यांना, पण पडदे वाळलेले त्यांना बघवत नाहीत.

आज मोजल्या : 84.

9 सप्टेंबर 2022

उन्हाळ्यात वाचलेल्या वेली पावसाळ्यात गेल्या. खोड पिवळं, मग तपकिरी, मुळं धाग्यासारखी. मूळकूज. चूक माझी. एप्रिलचा धसका मनात होता म्हणून जुलैतही ठिबक चालूच ठेवलं. हवा ओली आणि बूड कोरडं, असं तिला लागतं. मी बूडही ओलं ठेवलं.

ओळींचे वरंबे उंच केले, पाचट हलवून पातळ केलं, शेणखतात ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मुरवून दिली. रोगट वेली उपटून बांधावर जाळल्या. 71 उरल्या.

4 नोव्हेंबर 2023

पाऊस हुलकावणी देऊन गेला. राज्याने 40 तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात आमचा आहे. शेततळं निम्म्याच्या खाली.

वेली मात्र हव्या तशा वाढल्यात. खुंटाच्या वर गेल्या की वाकवून खाली सोडायच्या आणि पुन्हा वर चढवायच्या, म्हणजे हात पोचेल एवढ्या उंचीवर राहतात. वर गेलेली वेल फुलत नाही, आणि फुलली तरी तिथवर चढून फळवणार कोण. सगळ्या वेलींचे शेंडे वीतभर खुडले. आता दोन महिने पाण्याचा ताण द्यायचा. ताण बसल्याशिवाय ती फुलावर येत नाही. यंदा ताण वेगळा द्यायची गरजच नाही.

20 जानेवारी 2024

पानाच्या बगलेत कळ्यांचे कोंब. 34 वेलींवर. पहिल्यांदा वाटलं नवी फांदी फुटतेय. टोक जाड आणि बोथट दिसलं तेव्हा कळलं. अडीच वर्षं झाली लावून.

3 मार्च 2024

पहिलं फूल.

पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन गेले. तिसऱ्या ओळीत, सातव्या खुंटाला, पिवळसर हिरवं फूल उघडलं होतं. मोठं देखणं वगैरे नाही. वासही नाममात्र. दुपारपर्यंत मिटणार, उद्या गळणार. एका घोसात पंधरा-वीस कळ्या असतात, पण रोज एक उघडते, फार तर दोन. म्हणजे महिनाभर रोज पहाटे यायचं.

मावशींना बोलावून आणलं. त्यांनी चाळीस वर्षं क्रॉसिंग केलंय, आधी कपाशीचं, मग मिरचीचं. कपाशीत संध्याकाळी कळीतला नर खुडायचा आणि सकाळी दुसऱ्या वाणाचा नर आणून मादीवर घासायचा. मावशींनी पहिला प्रश्न तोच केला, "नर कुठून आणायचा?" म्हटलं, आणायचा नाही, याच फुलात आहे. त्यांनी फूल डोळ्याजवळ धरलं.

फुलाच्या मधोमध एक दांडी असते, करंगळीच्या नखाएवढी रुंद. तिच्या टोकाला टोपीखाली परागाचा पिवळा गोळा. भुकटी नाही, मेणासारखा गोळा. त्याच्या खाली चिकट खळगा, ती मादी. आणि दोघांच्या मध्ये जिभेसारखा पातळ पडदा. एवढ्या पडद्यामुळे फूल आपलं आपण फळत नाही. मेक्सिकोत काही रानमाश्या हे काम करतात, तेही फार थोड्या फुलांचं. बाकी जगात माणूस.

आम्ही बाभळीचा काटा घेतला आणि त्याचं टोक दगडावर घासून बोथट केलं. टोचणारं काही चालत नाही, पडदा फाटला की फूल गेलं. डाव्या हातात फूल मागून धरायचं. नळीसारखी गुंडाळलेली खालची पाकळी काट्याने उभी चिरायची, की दांडी उघडी पडते. काटा पडद्याखाली घालून पडदा वर सारायचा. आणि डाव्याच अंगठ्याने वरची टोपी खाली दाबायची. गोळा खळग्यात चिकटतो. काटा हळूच मागे. झालं.

माझं पहिलं फूल फुकट गेलं. गोळा काट्यालाच चिकटून बाहेर आला. दुसरं फूल सहाव्या ओळीत होतं. ते मावशींनी घेतलं. श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ लागला त्यांना. "मिरचीपेक्षा सोपं हाय," म्हणाल्या, "पर मिरची चूक माफ करती."

4 मार्च 2024

मावशींचं फूल वेलीवरच आहे. सुकलंय, पण गळलेलं नाही. माझं मातीत पडलं. फळलेल्याची हीच खूण : दुसऱ्या दिवशी फूल देठाला धरून राहिलं तर शेंग धरली.

10 मार्च 2024

आता रोज वीस-पंचवीस फुलं. मावशी, शेजारच्या वहिनी आणि मी, सहाला सुरू आणि नऊपर्यंत बंद. दमट प्रदेशात अकरा-बारापर्यंत करता येतं. आमच्याकडे नवानंतर खळग्यातला चीक वाळायला लागतो आणि गोळा बसत नाही. सकाळी पावणेसहाला पाच मिनिटं फॉगर लावला तर फरक पडतो. पाणी फुलात साचू द्यायचं नाही.

एका घोसावर आठ-दहाच फुलं फळवायची, तीही खालच्या अंगाची, म्हणजे शेंगा सरळ लोंबतात. सगळी फळवली तर शेंगा बारीक राहतात आणि वेल थकते. हे वहिनींना पटवायला दोन दिवस लागले. उघडलेलं फूल सोडून पुढे जाणं त्यांच्या जिवावर येतं.

काम करताना मी त्यांना एडमंडची गोष्ट सांगितली. हिंदी महासागरातलं रियुनियन बेट, तेव्हा त्याला बूरबाँ म्हणत. फ्रेंचांनी तिथे 1820 च्या सुमारास ही वेल नेली. वाढली छान, शेंग मात्र धरेना, कारण माशी नाही. बेल्जियममध्ये शार्ल मॉरन या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1836 मध्ये हाताने फळ धरवून दाखवलं, पण ती रीत मळ्यात वापरण्याजोगी नव्हती. 1841 मध्ये एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठा एवढ्यावर ती जमवली. आपण आत्ता करतोय तीच ती रीत. त्याला मळ्यामळ्यातून शिकवायला नेलं. बेट श्रीमंत झालं, पुढे मादागास्करही झालं. 1848 मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा त्याला अल्बियस हे आडनाव मिळालं. 1880 मध्ये तो गरिबीतच वारला.

वहिनींनी विचारलं, "त्याला काहीच नाही दिलं?" मावशी मान वर न करता पुढच्या खुंटाकडे गेल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी बी बारा वर्साचीच होते कपाशीत गेले तवा."

त्या दिवशी मी घरी येऊन हिशोबाच्या वहीत लिहिलं : फुलं फळवणाऱ्यांना रोजंदारीच्या वर वाळलेल्या मालातला वाटा. किती ते माल निघाल्यावर ठरवायचं, पण वाटा द्यायचा हे आज ठरलं.

2 एप्रिल 2024

फुलोरा संपला. फळवलेली फुलं 612, धरलेल्या शेंगा 548. मावशींची जवळजवळ सगळी धरली. माझी चारातली तीन.

6 मे 2024

उन्हाच्या दोन आठवड्यांत 117 शेंगा गळल्या. पिवळ्या पडून देठातून सुटल्या. गोणपाट दुहेरी केलं, वर जुन्या साड्या बांधल्या. शेततळं तळाला गेलं, टँकर घेतला. तो खर्च वेगळा लिहिलाय. 431 उरल्या आणि त्या टिकतील असं वाटतं, देठ घट्ट आहेत.

18 ऑगस्ट 2024

शेंगा दीड-दोन महिन्यांतच पूर्ण लांब झाल्या, वीतभर, चवळीच्या शेंगेसारख्या पण जाड. आता नुसत्या लोंबतात. आत पक्व व्हायला धरल्यापासून नऊ महिने. एक फोडून नाकाला लावली. काही नाही. कच्च्या भाजीचा वास.

बघायला येणाऱ्यांचा एकच प्रश्न असतो : भाव काय? मी भाव सांगत नाही. 2000 मध्ये आणि पुन्हा 2004 मध्ये मादागास्करला मोठी चक्रीवादळं झाली, जगात माल तुटला आणि केरळ-कर्नाटकात लोकांनी सुपारी-कॉफीच्या बागेत घाईने वेली चढवल्या. हिरव्या शेंगेला सोन्यासारखा भाव आला. दोन वर्षांत तो कोसळला आणि पुष्कळांनी वेली उपटून टाकल्या. मादागास्करच्या वाऱ्यावर इथलं घर चालतं असं पीक आहे हे. ज्याचं पोट यावरच अवलंबून असेल त्याने यात पडू नये, हे मी प्रत्येकाला तोंडावर सांगते. माझ्याकडे खाली चार एकर सोयाबीन-तूर आहे म्हणून हे पाच गुंठे मला परवडतात.

22 डिसेंबर 2024

तोडणी सुरू. खूण शेंगेच्या टोकाला : हिरवा उतरून फिकट पिवळा येतो, दोन-तीन मिलिमीटर. त्याआधी तोडली तर वास भरत नाही, उशीर झाला तर टोकाकडून उकलते. सगळ्या एकदम येत नाहीत, ज्या क्रमाने फुलल्या त्या क्रमाने. आज 94 शेंगा, 1 किलो 400 ग्रॅम.

वसमतहून आई आली आहे मदतीला.

24 डिसेंबर 2024

आजचं सविस्तर लिहिते, कारण यात घात झालाय असं मला वाटतंय.

शेंगेला आधी गरम पाण्यात घालून "मारायचं" असतं. म्हणजे तिचं पुढचं वाढणं थांबवायचं. पाणी 63 ते 65 अंश, वेळ तीन मिनिटं. मी आकडे भिंतीवर लिहून ठेवले होते. चुलीवर हंडा, त्यात थर्मामीटर, शेंगा बांबूच्या टोपलीत.

माहेरी आमची हळद. जन्म हळद शिजवण्यात गेला. हळद शिजवताना पाण्याला खळखळ उकळी, पाऊण तास-तास, फेस येतो, घमघमाट सुटतो, काडी गड्ड्यात अलगद शिरली की उतरवायची. कच्ची राहिली तर वाळताना सुरकुतते आणि मोंढ्यात भाव जातो. आईने टोपली वर काढल्यावर एक शेंग दाबून बघितली. "कच्च्या आहेत गं. नुसतं पाणी दाखवलंस." मीही दाबून बघितली. हाताला कच्चीच लागली. वासही नाही. भिंतीवरचा आकडा समोर होता, आणि मी हाताचं ऐकलं. जाळ वाढवला, टोपली परत आत. 85 च्या वर गेलं पाणी, पंधरा मिनिटं राहिलं असेल. शेंगा मऊ पडल्या, रंग शेवाळी झाला. आई म्हणाली आता झालं.

मग घोंगडीत गुंडाळून लाकडी पेटीत ठेवल्या.

27 डिसेंबर 2024

तीन दिवस झाले, शेंगा शेवाळीच आहेत. चॉकलेटी यायला हव्या होत्या. वास ओल्या गवताचा.

2 जानेवारी 2025

भाची आली. परभणीला कृषी विद्यापीठाच्या अन्नतंत्र महाविद्यालयात शिकते. तिने पेटी उघडली, एक शेंग उभी चिरली आणि विचारलं, "मावशी, पाणी किती तापवलं होतं?"

तिने जे समजावलं ते माझ्या भाषेत उतरवते. हिरव्या शेंगेत व्हॅनिलिन मोकळं नसतं. साखरेच्या कणाला बांधलेलं असतं, त्याला ग्लुकोव्हॅनिलिन म्हणतात. बांधलेलं असेपर्यंत त्याला वास नाही. ती गाठ सोडणारं एन्झाइम, बीटा-ग्लुकोसिडेज, शेंगेतच असतं, पण वेगळ्या कप्प्यात. गरम पाण्याने पेशींच्या भिंती मोडतात, कप्पे एक होतात आणि एन्झाइम गाठी सोडायला लागतं. पुढे आठवडाभर उबेत हेच चालतं. पण पाणी फार तापलं तर एन्झाइमच मरतं. मग गाठी सोडणार कोण?

हळदीत उलटं. तिथे शिजवायचंच असतं, म्हणजे कंद मरतो, रंग सारखा पसरतो, वाळणं लवकर होतं. तिथे जे बरोबर तेच इथे चूक. क्रॉसिंगचा हात कामाला आला आणि हळदीचा हात नडला. आईला वाईट वाटलं. म्हटलं, अगं थर्मामीटर माझ्या हातात होता.

ती 94 शेंगांची रास फेकली नाही. खुणेची म्हणून वेगळी वाळवते.

6 जानेवारी 2025

दुसरी तोडणी, 190 शेंगा, 2 किलो 800. आज चूल नाही, गॅस. पाणी 64 ला आणून गॅस बंद. टोपली आत, भाचीच्या मोबाईलवर तीन मिनिटं, टोपली बाहेर. आईने दाबून बघितलं नाही. हात पदराखाली धरून उभी राहिली.

गरम असतानाच कोरड्या सुती कपड्यावर पसरून पाणी टिपलं आणि लगेच घोंगडीत. ही घोंगडी गावातल्या धनगर आजोबांनी दिलेली, जाड काळ्या लोकरीची. पुस्तकात लोकरीचं ब्लँकेट लिहिलंय. घोंगडीएवढी ऊब त्यात काय असणार. घोंगडीची गाठोडी लाकडी पेटीत, पेटीभोवती गोधड्या. आत 45 ते 50 अंश राहायला हवेत. आमच्याकडे जानेवारीच्या रात्री 10 अंशांपर्यंत उतरतात, म्हणून पेटीत गरम पाण्याच्या दोन बाटल्या आणि दर चार तासांनी बदल. रात्रीची पाळी आत्याबाईंनी आपण होऊन घेतली.

8 जानेवारी 2025

पेटी उघडली. शेंगा चॉकलेटी. सगळ्या सारख्या, चकचकीत, वर घामाचे थेंब. आत्याबाईंनी एक उचलून नाकाला लावली, मला दिली नाही, आईला दिली.

पक्का वास नाही अजून. खजुरासारखा, मनुक्यासारखा काहीसा. पण आजवर ज्या शेंगेला भाजीचा वास होता तिला आज वेगळा वास आहे.

21 जानेवारी 2025

रोजचा क्रम : दुपारी काळ्या कपड्यावर ऊन दाखवायचं, गरम असतानाच घोंगडीत गुंडाळून पेटीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा. सांगितलेलं असतं दोन-तीन तास ऊन. पहिल्या चार दिवसांत लक्षात आलं की आमची हवा इतकी कोरडी आहे की तीन तासांत शेंगा कडक व्हायला लागतात. पाणी पटकन उडालं तर एन्झाइमचं काम अर्धवट राहतं. म्हणून दीड तासावर आणलं. उरलेली ऊब पेटीत.

तिसरी आणि शेवटची तोडणीही 64 अंशांवर मारून पेटीत गेली, 146 शेंगा, 2 किलो 200.

15 फेब्रुवारी 2025

ऊन बंद. आता माडीवर, सावलीत, बांबूच्या ताटव्यांवर. रोज एकेक शेंग बोटांतून सरळ ओढायची, म्हणजे तेल सारखं पसरतं आणि शेंग गोल राहते. दोन शेंगांवर बुरशीचा पांढरा ठिपका दिसला, त्या तेव्हाच काढल्या. एक बुरशीची शेंग पेटीत गेली तर सगळी पेटी जाते.

11 मार्च 2025

दुसरा फुलोरा चालू. 58 वेलींवर फुलं. आता आम्ही पाच जणी आहोत, दोन नव्या मावशींनी तयार केल्या. त्या शिकवताना बोलत नाहीत, नवीच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवतात आणि दाबतात. माझीही यंदा दहातली नऊ धरतात.

30 मार्च 2025, पाडवा

शेंगा वाळल्या : बोटाला गुंडाळता येतात, मोडत नाहीत. बटर पेपरमध्ये पन्नास-पन्नासच्या जुड्या बांधून पत्र्याच्या डब्यात बंद केल्या. आता दोन-तीन महिने मुरायला. दर आठवड्याला उघडून बघायचं.

वजन : दुसऱ्या आणि तिसऱ्या राशीचे 5 किलो हिरवे, वाळून 905 ग्रॅम. साडेपाचाला एक. पहिल्या, शिजलेल्या राशीचे 1 किलो 400 चे 230 ग्रॅम.

18 मे 2025

अर्क. घरी स्पिरिट आणायचं तर परवाना लागतो, म्हणून हे काम भाचीच्या कॉलेजच्या लॅबमध्ये, तिच्या सरांसमोर. अमेरिकेत अर्काचा नियम कायद्यात लिहिलेला आहे : दारूचं प्रमाण किमान 35 टक्के आणि एका गॅलनला 13.35 औंस शेंगा, म्हणजे लिटरला साधारण 100 ग्रॅम. आम्ही तोच धरला. नुसत्या पाण्यात व्हॅनिलिन नीट उतरत नाही आणि नुसत्या कडक स्पिरिटमध्ये शेंगेतले बाकीचे घटक मागे राहतात, म्हणून दोन्ही लागतात. बाकीचे म्हणजे थोडेथोडके नाहीत, वाळलेल्या शेंगेत व्हॅनिलिन दोन टक्क्यांच्या आसपास, पण वास देणारे लहानमोठे घटक दोनशेच्या वर.

दोन बाटल्या. एकीत चांगल्या राशीचे 50 ग्रॅम, दुसरीत शिजलेल्या राशीचे 50. शेंगा उभ्या चिरून बोटाच्या पेराएवढे तुकडे केले, अर्धा-अर्धा लिटर द्रावण घातलं, झाकण बंद, अंधारात. रोज हलवायचं काम भाचीचं.

29 जून 2025

सहा आठवडे झाले. गाळलं.

चांगल्या बाटलीचा रंग गडद तांबूस, चहाच्या पहिल्या उकळीसारखा. शिजलेल्याचा फिका पिवळट. भाचीने दोन कपांत कोमट दूध घेतलं, थोडी साखर, आणि दोन्हींतून चार-चार थेंब टाकले. तिसऱ्या कपात किराणा दुकानातलं इसेन्स. आज जगात व्हॅनिलाच्या वासाचं जे काही विकलं जातं त्यात शेंगेतलं एक टक्काही नसतं. बाकी रसायनातून बनवलेलं व्हॅनिलिन. ते बनवायची रीत 1874 मध्ये जर्मनीत टिमान आणि हारमान यांनी काढली, तीही आधी पाइनच्या झाडातल्या एका पदार्थापासून.

दुकानातल्या इसेन्सचा वास पहिल्यांदा येतो आणि तिथेच थांबतो. शिजलेल्या राशीच्या दुधाला गवताची, थोडी लाकडाची चव. आमच्या दुधाचा घोट घेतल्यावर आधी काहीच नाही, मग मनुका, मग जुन्या लाकडी कपाटासारखं काहीतरी, आणि गिळल्यावर मागून तो वास. भाचीच्या सरांनी कप परत मागितला.

6 जुलै 2025

वाटा ठरला आणि दिलाही. 905 ग्रॅममधले 50 अर्कात गेले. मावशी आणि वहिनींना वाळलेल्या मालाच्या किमतीतला पाचवा हिस्सा. दोन आइस्क्रीमवाले छत्रपती संभाजीनगरचे, एक बेकरीवाली लातूरची, तिघांनी मिळून 640 ग्रॅम घेतला. उरलेला डब्यात मुरतोय, घाई नाही.

शिवाय प्रत्येकीला एकेक शेंग. वहिनींनी लगेच खिरीत घातली. मावशींनी विचारलं, "ही घालायची कशात?" म्हटलं, दुधात, शिऱ्यात, कशातही. त्यांनी ती रुमालात गुंडाळून लुगड्यांच्या ट्रंकेत ठेवली.

वेलींवर आत्ता 1,130 शेंगा आहेत. डिसेंबरच्या आधी आणायचं : दुसरा थर्मामीटर, आणखी दोन घोंगड्या, मोठी लाकडी पेटी. शेततळ्याच्या कागदाला उत्तरेच्या कोपऱ्यात चीर गेली आहे, ती पाणी भरायच्या आत या आठवड्यात चिकटवून घ्यायची.